जुन्या संगणकातले काम नव्यावर सुखरूप आणून देणाऱ्या तंत्रज्ञांस आभारपत्र

सप्रेम नमस्कार.

आमच्या अक्षरजुळणीचा सगळा संसार ज्या जुन्या संगणकात होता, तो तुम्ही एकही पान न गमावता नव्या संगणकावर आणून दिलात, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. ते जाहीर लिहिण्याचे कारण असे, की कोल्हापुरात आणि आसपास घरी बसून डीटीपी, म्हणजे संगणकावर पुस्तकांची पाने जुळवण्याचे काम, करणारी आमच्यासारखी पुष्कळ मंडळी आहेत. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी त्यांतल्या काहींची कामे अजून त्याच विंडोजवर चालतात, आणि संगणक बदलायचा म्हणजे फाइली पेनड्राइव्हवर घ्यायच्या, एवढेच त्यांना सांगितले जाते.

तुम्ही आल्याबरोबर केबल जोडली नाहीत. आधी शेजारी बसून आम्ही पान कसे लावतो ते पाहिलेत. फॉन्ट कोणता, कीबोर्ड कोणता, छापखान्यात काय पाठवतो, हे विचारलेत. खरी अडचण त्या चौकशीतूनच पुढे आली. आमचा बहुतेक मजकूर श्रीलिपी या भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टांत होता आणि पाने पेजमेकर या पाने लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये लावलेली होती. अशा फाइलीत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेला नसतो. रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अख्खे पुस्तक निरर्थक रोमन अक्षरांच्या ओळी होऊन उघडते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. तिच्या फाइली इनडिझाइन या पाने लावायच्या नव्या प्रोग्रामच्या सीएस ६ आवृत्तीपर्यंतच उघडतात, पुढच्या आवृत्त्यांत नाहीत. म्हणजे फाइली नव्या यंत्रावर पोहोचल्या असत्या, पण आम्हाला वाचता आल्या नसत्या.

म्हणूनच जुना संगणक धडपणे चालतो आहे तोवर प्रत्येक पुस्तकाची, फॉन्ट आत समाविष्ट असलेली पीडीएफ त्याच्यावरच करून घेण्याचा आग्रह तुम्ही धरलात. काम कंटाळवाणे होते, पण आज मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. फाइली हलवताना तुम्ही साधे कॉपी-पेस्ट न करता रोबोकॉपी ही विंडोजमधलीच फाइली उतरवून घेण्याची आज्ञा वापरलीत, जेणेकरून फोल्डरांच्या तारखाही जशाच्या तशा राहिल्या. एकाच पुस्तकाच्या ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘प्रेसला दिलेली’ अशा फाइली असताना खरोखर छापली गेली ती कोणती, हे पुष्कळदा तारखेवरूनच ठरते.

प्रोग्रामांच्या बाबतीतही तुम्ही संयमाने समजावून सांगितलेत, की प्रोग्रामचे फोल्डर उचलून नेल्याने तो चालत नाही, कारण त्याच्या बऱ्याच नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या अंतर्गत नोंदवहीत, असतात. तो मूळ सीडीवरून नव्याने बसवावा लागतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटांचे असल्याने जुने १६ बिटी इन्स्टॉलर (प्रोग्राम बसवून देणाऱ्या फाइली) त्यावर सुरूच होत नाहीत, हेही तेव्हाच कळले. नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नाही, म्हणून तुम्ही स्वतःचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणलात आणि श्रीलिपीच्या लॉकचा (ते सॉफ्टवेअर चालण्यासाठी संगणकाला जोडावी लागणारी किल्ली) चालणारा ड्रायव्हर शोधून काढलात.

पुन्हा छापायच्या पुस्तकांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण संकेतात, आणताना तुम्ही दाखवलेली एक गोष्ट येथे मुद्दाम नोंदवते. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर; रफाराचे नेमके उलटे. रूपांतर करणारा प्रोग्राम बहुतेक ठिकाणी हा क्रम बरोबर लावतो, पण ‘मूर्ती’, ‘दुर्मिळ’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांत चुकण्याचा संभव असतो. असे शब्द शोधून तपासायची तुम्ही बसवून दिलेली पद्धत आमच्या मुद्रितशोधकांनी लगेच उचलली.

सर्व झाल्यावर जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट करून द्यावी, असे आम्ही सुचवले, तेव्हा तुम्ही स्पष्ट नकार दिलात आणि ती एका डबीत बसवून, वर चिठ्ठी चिकटवून आमच्या हवाली केलीत. एक दिवाळी अंक छापून होईपर्यंत तिला हात लावू नका, असे बजावलेत. ती तशीच कपाटात आहे.

यंदाच्या अंकाची पाने नव्या यंत्रावर लागत आहेत. जुन्या काही कवितासंग्रहांचे रूपांतर अजून व्हायचे आहे. त्यात कुठे अडले तर पुन्हा तुम्हालाच तसदी देईन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक अक्षरजुळणीकार