प्रश्नोत्तरांच्या सदरातले उत्तर अर्ध्यावर का थांबते?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतले विज्ञान-गणिताच्या प्रश्नोत्तरांचे सदर मी अग्रलेखाच्याही आधी वाचतो. वाचकांचे प्रश्न फर्मास असतात. उत्तरे मात्र तीन-चार ओळींत उरकलेली असतात आणि ती वाचून झाल्यावरही प्रश्नकर्ता होता तिथेच राहतो, ही माझी तक्रार.

‘आकाश निळे का?’ याला ‘प्रकाशाच्या विकिरणामुळे’ असे उत्तर छापून आले. बरोबर आहे, पण त्यातून कळले काय? हवेच्या रेणूंवर आदळून प्रकाश सगळीकडे विखुरतो, आणि तरंगलांबी जितकी कमी तितका तो अधिक विखुरतो. हा फरक थोडाथोडका नाही. तरंगलांबी निम्मी झाली तर विखुरणे सोळा पट होते. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 450 नॅनोमीटर, तांबड्याची सुमारे 700. म्हणजे निळा तांबड्याच्या जवळजवळ सहा पट विखुरतो. एवढे सांगितले की चाणाक्ष वाचक लगेच विचारणार: जांभळ्याची तरंगलांबी तर निळ्याहूनही कमी, मग आकाश जांभळे का नाही? हा प्रश्न पडायलाच हवा, आणि त्याचे उत्तर त्याच चौकटीत यायला हवे. सूर्यप्रकाशात जांभळा रंग निळ्यापेक्षा कमी असतो आणि आपला डोळाही जांभळ्याला कमी दाद देतो. दोन्ही कारणे मिळून निळ्याचे पारडे जड होते. मावळतीचा सूर्य तांबडा का, हेही यातूनच सुटते. त्या वेळी किरणांना हवेतून फार लांबचा पल्ला गाठावा लागतो, वाटेत निळा बराचसा विखुरून जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो उरलेला तांबडा-नारिंगी.

त्याच अंकात ‘समुद्राला निळा रंग आकाशाच्या प्रतिबिंबामुळे येतो’ असेही एक वाक्य होते. नेमक्या याच समजुतीबद्दल सी. व्ही. रामन यांना शंका आली होती. 1921 साली युरोपातून बोटीने परतताना त्यांनी निकोल प्रिझममधून, म्हणजे प्रकाशाचे ध्रुवीकरण करणाऱ्या स्फटिकातून, पाण्याकडे पाहिले. हे प्रिझम विशिष्ट कोनात धरले की पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला जातो. आकाशाचे प्रतिबिंब असे पुसून टाकल्यावरही पाणी निळेच, किंबहुना अधिक गडद निळे दिसले. प्रकाश रेणूंवरून कसा विखुरतो याचा जो ध्यास त्यांनी पुढे घेतला, त्यातूनच 28 फेब्रुवारी 1928 रोजी ‘रामन परिणामा’चा शोध लागला. मात्र समुद्राच्या रंगाची गोष्ट ‘पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात’ या रामन यांच्या स्पष्टीकरणापाशीही संपत नाही: पाणी स्वतःच थोडा तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निळेपणात त्याचा वाटा मोठा आहे. प्रतिबिंबाचाही काही हातभार असतो, नाही असे नाही. पण ‘प्रतिबिंबामुळे’ म्हणून विषय मिटवला, तर ज्याने रामन यांना कामाला लावले तेच आपण वाचकापासून लपवतो.

ऋतूंबद्दलचे उत्तर त्या मानाने बरे होते: पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून ऋतू होतात. पण ‘उन्हाळ्यात आपण सूर्याच्या जवळ असतो’ ही समजूत इतकी चिवट आहे की ती समोर आणून खोडायला हवी होती. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर असते. म्हणजे उत्तर गोलार्ध गारठलेला असतो तेव्हाच आपण सूर्याच्या अधिक जवळ असतो. याचा एक पुरावा तर भिंतीवरच टांगलेला आहे. मार्चमधल्या विषुवदिनापासून सप्टेंबरमधल्या विषुवदिनापर्यंतचे दिवस कॅलेंडरवर मोजा, ते 186 भरतात. तिथून परत मार्चपर्यंत मात्र 179. फेब्रुवारी छोटा असतो म्हणून असे होते, असे कुणी म्हणेल, पण महिने आपण पाडले आहेत, विषुवदिन नव्हे. सूर्याच्या जवळून जाताना पृथ्वी वेगाने धावते, म्हणून कक्षेचा तो अर्धा भाग आठवडाभर लवकर संपतो. वाचकाला स्वतः पडताळून पाहता येईल असे काहीतरी प्रत्येक उत्तरात असावे, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

गणिताच्या बाबतीत तर सदर पार शरण जाते. ‘उणे गुणिले उणे अधिक का?’ या प्रश्नाला ‘ब्रह्मगुप्ताने 628 साली हा नियम सांगितला’ एवढेच उत्तर दिले गेले. सांगितला हे खरेच. पण त्याच ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असेही सांगितले आहे आणि ते आज कुणी मानत नाही. तेव्हा हवाला कितीही थोर असला तरी ते कारण होत नाही. कारण एका ओळीत मावते. 3 × (–2) = –6, 2 × (–2) = –4, 1 × (–2) = –2, 0 × (–2) = 0. पहिली संख्या एकाने उतरते तसे उत्तर दरवेळी दोनाने चढते. पुढची पायरी (–1) × (–2); तिथे +2 सोडून दुसरे काही ठेवले तर बेरीज-गुणाकाराचे जे नियम धन संख्यांना लागू आहेत तेच मोडतील. सातवीतल्या मुलाला हे पटते. न पटले तर तो भांडतो, तेही चांगलेच.

आणि जिथे शास्त्रज्ञांचेच एकमत नाही, तिथे तसे छापायला लाजू नये. क्षितिजाजवळचा चंद्र मोठा दिसतो, पण हात लांब करून करंगळीच्या नखाने झाकून पाहिला तर तो माथ्यावर असतानाइतकाच भरतो. उलट उगवता चंद्र आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका अधिक दूर असतो, म्हणजे खरे तर किंचित लहानच. हा भास मेंदूचा, इथवर सगळे ठाम आहेत. मेंदू असे का करतो यावर मात्र अजून वाद चालू आहेत. आपल्या सदरात त्यातला एकच सिद्धान्त अंतिम सत्य म्हणून आला होता.

डॉ. जयंत नारळीकर सही मागायला आलेल्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेल. एका पोस्टकार्डात किती मजकूर मावतो हे आपल्या सदरलेखकांनी एकदा पाहावे. जागा नाही ही सबब त्यानंतर ऐकून घेईन.

माझाही एक प्रश्न सोबत पाठवतो. उत्तर गोलार्धातला सर्वांत लहान दिवस 21 किंवा 22 डिसेंबरचा. पण सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो दिवस त्याआधीच होऊन गेलेला असतो आणि सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो दिवस त्यानंतर येतो. तिन्ही गोष्टी एकाच तारखेला का होत नाहीत? निरीक्षण माझ्या पदरचे नाही, आपल्याच अंकात रोज छापल्या जाणाऱ्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांमधून काढले आहे. उत्तराला जागा अपुरी पडली, तर त्या दिवशी राशिभविष्यातल्या दोन-तीन राशी कमी केल्या तरी माझी हरकत नाही.

आपला,
एक नियमित वाचक