मॉडेल विमानाच्या इंजिनात पेट्रोल टाकू नका

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या छंदांवरचा लेख वाचला. छान होता, फोटोतलं फोर-स्ट्रोक ग्लो इंजिन बघून तर जीव हरखला, पण खाली लिहिलंय की ही मॉडेल विमानं ‘पेट्रोल किंवा स्पिरिटवर’ उडायची. तेवढं एक वाक्य कृपया दुरुस्त करा. कारण दोनच दिवसांत आमच्या सोसायटीतला एक मुलगा आजोबांचं माळ्यावरचं इंजिन घेऊन आला, म्हणे काका पंखा फिरवून फिरवून बोटं सुजली पण सुरूच होत नाही, आणि टाकी उघडली तर पेट्रोलचा वास!

अहो त्यात स्पार्क प्लग नसतोच. ग्लो प्लग असतो, दीड व्होल्टची बॅटरी लावून तार लाल करायची, इंजिन सुरू झालं की बॅटरी काढायची, पुढे तारेतलं प्लॅटिनम आणि इंधनातलं मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) यांची रिअ‍ॅक्शनच तार तापती ठेवते. पेट्रोलवर ते होत नाही. आणि ऑइल वेगळं भरायची सोयच नाही, ते इंधनातच मिसळलेलं पाहिजे, सहसा १८-२० टक्के, त्यात थोडं तरी एरंडेल असलेलं बरं. एरंडेल मिथेनॉलमध्ये झकास मिसळतं, पेट्रोलमध्ये नाही. (गंमत बघा, माझं इंजिन जपानच्या ओसाकाचं आणि एरंडेल आपल्या शेजारच्या गुजरातचं.) नायट्रोमिथेन ५ ते १५ टक्के घालतात, त्याने आयडलिंग सुधारतं, नसलं तरी इंजिन चालतं.

माझ्याकडचं इंजिन म्हणजे ओ.एस. या ओसाकाच्या कंपनीचं एफएस-६०, साधारण १० सीसी. हे मॉडेल कंपनीने १९७६ ला आणलं, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) उघडेच, टकटक हलताना दिसतात, प्रत्येक फ्लाइटआधी तिथे ऑइलचा थेंब सोडावा लागतो. माझा मेव्हणा बोटीवर होता, त्याने आणलेलं. मी टूलरूममध्ये ३० वर्षं काढली पण हे इंजिन मीच एकदा गंजवलंय, उडवून झाल्यावर तसंच डब्यात ठेवलं, पावसाळा गेला आणि बेअरिंग जाम. टू-स्ट्रोकमध्ये ताजं इंधन क्रँककेसमधूनच (इंजिनाच्या खालच्या पोटातूनच) जातं त्यामुळे आतलं सगळं धुतलं जातं, फोर-स्ट्रोकमध्ये मात्र पिस्टनच्या रिंगच्या कडेने जे काय खाली निसटेल तेवढंच ऑइल बेअरिंगला आणि कॅमला मिळतं, तेही जळकं आणि आम्लाचं, वर मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून दिवसाच्या शेवटी इंधनाची नळी काढून इंजिन सुकं पडेपर्यंत चालवायचं, मग प्लगच्या भोकातून आणि ब्रीदर निपलमधून (क्रँककेसच्या हवेच्या तोंडातून) ऑइल सोडून पंखा दहा वेळा फिरवायचा. एवढं केलं तर माळ्यावर वीस वर्षं पडलं तरी काही होत नाही.

आता जाम झालंच असेल तर पंखा धरून जोर लावू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. बहुतेक वेळा ते एरंडेलाचं वाळलेलं वार्निश असतं, ड्रायरने गरम करून मिथेनॉल सोडलं की सुटतं. अगदी काळं पडलं असेल तर रबर-प्लास्टिक काढून कारच्या कूलंटमध्ये मंद आचेवर तासन् तास ठेवायचं, गच्चीवर, आणि ते पातेलं परत स्वयंपाकात आणायचं नाही, कूलंट विषारी असतं (आमच्याकडे यावरून महाभारत झालंय). कॉस्टिक सोडा चुकूनही नको, अ‍ॅल्युमिनियम खातो. बेअरिंग हातोडीने काढू नका, क्रँककेस ओव्हनमध्ये दीडशे डिग्रीला तापवून लाकडावर आपटली की आपोआप पडतात. शेवटी टॅपेटची फट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली, इंजिन थंड असताना ०.०४ ते ०.१० मिमी ठेवायची. बुलेटवाल्याला विचारा, तो हसेल पण तत्त्व तेच.

आणि पंख्याला दोन नट लावा. मिक्स्चर लीन झालं (हवा जास्त, इंधन कमी) तर ही इंजिनं उलटा झटका मारून पंखाच फेकतात, म्हणून मागे उभं राहायचं.

मिथेनॉलबद्दल मात्र गंभीरपणे लिहितोय. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती याच मिथेनॉलच्या दारूने. थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाते, त्याची ज्वाळा उन्हात दिसतच नाही, आणि ते बाळगायला लायसन्स लागतं. तेव्हा घरी मिसळत बसू नका, हॉबीच्या दुकानातलं तयार ग्लो फ्युएल घ्या आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका, घरात लहान मुलं असतात.

त्या मुलाच्या इंजिनाची बेअरिंग मागवलीत, पिस्टन सुटलाय. आपण दुरुस्ती छापली तर कात्रण त्याच्या डब्यातच ठेवीन, आजोबांच्या फीलर गेजशेजारी (फट मोजायच्या पट्ट्या).

आपला,
एक जुना वाचक, चिंचवड