तिसऱ्यांचे दिवस भरलेत

ती. बाबांना आणि आईला सा. न.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "मे महिन्यात सगळ्यांच्या लेकी माहेरी आल्या, तुलाच तिसऱ्या सोडवत नाहीत." तेव्हा मी अभ्यासासाठी त्याच शिंपल्या गोळा करत चिखलात उभी होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या या तिसऱ्या आपल्या खाडीतल्यांसारख्या नाहीत. शिंपला पांढरा, पातळ, पटकन फुटणारा, आणि नळी एवढी लांब की तो पुरता मिटतच नाही. वीतभर चिखलाखाली बसतात. ईस्टपोर्टकडे ओहोटीला पाणी 18-20 फूट उतरतं. मग माणसं आखूड दांड्याचं दाताळं घेऊन, कमरेत वाकून तासन् तास उकरत राहतात. बाबा, नुसतं बघूनच तुमची पाठ धरेल.

थंडीत त्या जेमतेम खातात. वसंतात पाण्यात शेवाळाचे सूक्ष्म कण वाढले की खाऊन खाऊन अंगात अंडी नाहीतर बीज भरू लागतं. पाणी 10-12 अंशांवर गेलं की नर-मादी दोघंही सगळं पाण्यात सोडून मोकळे! एकेक मोठी मादी लाखो अंडी सोडते. पिल्लं दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात, मग तळाला बसतात. बहुतेक तोवरच कोणाच्या तरी पोटात जातात, उरलेल्यांवर युरोपातून आलेले हिरवे खेकडे टपलेले असतात. हे सगळं इथे जून ते ऑगस्टमध्ये. इथून खाली केप कॉड नावाचं भूशिर आहे, त्याच्या दक्षिणेला पाणी कोमट, तिथे वर्षातून दोनदा. आपल्याकडे पाणी बाराही महिने गरमच, तिथे पावसाचं गोडं पाणी खाडीत उतरणं जास्त महत्त्वाचं.

बाहेरून नर कोण, मादी कोण, काही कळत नाही. पोटाचा तुकडा मेणात बसवून, केसाहून पातळ काप काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. कच्ची अंडी देठाने भिंतीला लटकलेली दिसतात, पिकली की सुटून गोल होतात. आई, "आज भरलेल्या नाहीत गं" म्हणून तू कोळणीशी घासाघीस करतेस ना, तेच आम्ही करतो, फक्त पाच पायऱ्यांची नावं देऊन.

गेल्या वर्षी ऐन हंगामात मी दोन आठवडे तापाने आडवी होते. आधीच्या काचपट्ट्यांत सगळ्या टम्म भरलेल्या, नंतरच्यांत रिकाम्या. नेमक्या कधी मोकळ्या झाल्या, कळलंच नाही. वर्ष फुकट गेलं, कारण ही गोष्ट पुन्हा बघायला पुढचा उन्हाळाच यावा लागतो. म्हणून यंदा एकही ओहोटी चुकवायची नाही.

गणपतीला मात्र नक्की येते, तिकीट काढलंय. गौरी-गणपती गेले की तिसऱ्यांचं एकशिपी कर. तेव्हा भरलेल्या मिळतात का, ते कोळणीला आत्ताच विचारून ठेव. मलाही ते टिपून घ्यायचंय.

तुमची,
बेबी