उपटून पाहू नकोस

ऐरोली,
गुरुवार, रात्र

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावाने सलाम.

ताई शनिवारी पुण्याला येतेय. तिच्या पिशवीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या पाच काड्या आहेत, मागच्या अंगणातल्या अंजिराच्या. रविवारी फोनवर जे झालं त्यावर या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. फक्त काड्यांबद्दल लिहितो.

काड्या गेल्या वर्षीच्या लाकडाच्या आहेत, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब. प्रत्येकीला पाच डोळे. खालचा काप तिरपा आणि वरचा सरळ ठेवलाय, म्हणजे कुठलं टोक मातीत घालायचं ते चुकणार नाही. कापल्यावर पांढरा चीक येतो तो धुऊन काढलाय आणि दिवसभर सावलीत सुकवलाय. कापलेली जागा ओली असताना मातीत गेली की तिथूनच कुजायला लागते. (कापायला तुझ्या पहिल्या पगारातला सिकेटर, छाटणीची कात्री, वापरला. अजून धार तशीच आहे. शेजारच्यांना उसना देत नाही मी.)

सहा इंची कुंडी घे, तळाला भोकं हवीत. लाल माती, कोकोपीट आणि जाड वाळू समान भाग. तीन डोळे मातीत, दोन वर. काडीभोवती माती बोटांनी घट्ट दाब, पोकळी राहिली तर तिथे मुळं फुटत नाहीत. शेणखत आत्ता अजिबात नको. काडीला मुळं नसतात, ती खत खाणार कशी? उलट उघड्या कापाला बुरशी लागते. मुळं नसलेल्याला खत घालू नये, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी रविवारी मी तुला अर्धा तास बायबलची वचनं ऐकवली. तू म्हणालास, "प्रार्थनेने हप्ता भरला जातो का?" आणि मी आवाज चढवला. चूक माझी. झालं, लिहायचं नव्हतं ते लिहून गेलो.

पाणी. पहिल्या दिवशी खालून निथळेपर्यंत घाल. पुढे बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघ, कोरडं लागलं तरच घाल. काड्या मरतात त्या बहुतेक तहानेने नाही, जास्तीच्या पाण्याने. बुड काळं पडतं, कुजका वास येतो. पुण्याची ऑक्टोबरची दुपार कोरडी असते, म्हणून पाण्याची पारदर्शक बाटली अर्धी कापून वर उपडी ठेव आणि रोज सकाळी अर्धा तास काढ. पहिला महिना उन्हात नको. तुझ्या बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, ते नंतर पुरे.

आता नीट वाच. दोन-तीन आठवड्यांत वरच्या डोळ्यातून पोपटी पान निघेल. तुला वाटेल रुजली. रुजलेली नसते. ते पान काडीत साठलेल्या अन्नावर निघतं. मुळं यायला महिना, दीड महिनाही लागतो. मध्येच पान थोडं मलूल होतं, आणि माणूस घाबरून काडी उपटून बघतो. तेव्हाच केसासारखी पांढरी मुळं फुटत असतात, ती तुटतात. मग काडी खरंच मरते आणि माणूस म्हणतो, बघा, मेलेलीच होती.

मार्क ४ मध्ये प्रभू एवढंच सांगतो की माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं रुजतं ते त्याला कळत नाही. शेतकऱ्याने काय काय करायचं त्या मोजक्या कामांत झोप धरली आहे. लोक या वचनावर वाढीबद्दल बोलतात, झोपेबद्दल कुणी बोलत नाही. तुझं लास्ट सीन काल ३ वाजून १२ मिनिटांचं होतं. परवा पावणेचारचं. मी तेव्हा जागा का होतो ते विचारू नकोस.

पीएफ काढू नकोस. हप्ता तीन महिने भरता येईल एवढं माझ्याकडे आहे, दुबईच्या मामांना विचारायची गरज नाही. पहिली मिळेल ती कमी पगाराची नोकरी धरू नकोस, पण घरीही बसू नकोस, सकाळी आंघोळ करून कपडे बदलून बैस, आणि इंटरव्ह्यूच्या आधी... बघ, पुन्हा सुरू झालं. मम्मी मागून म्हणतेय, "खत घालायचं नाही म्हणालात ना?" माफ कर.

चर्चचे पाळकसाहेब परवा भेटले होते. म्हणाले, बागवान बहाराआधी झाडाला ताण देतो, तसा देवाने पोराला ताण दिलाय. मी त्यांच्यासमोर मान हलवली, पण मला पटलं नाही. ताण म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. बहाराआधी पाणी तोडतात, हलक्या जमिनीत तीन-चार आठवडे, भारी काळ्या जमिनीत जास्त. पानं पिवळी होऊन गळतात, झाड विश्रांती घेतं, अन्न लाकडात साठतं. मग छाटणी, खत, पाणी. पण हे भरल्या अंगाच्या, फळावर आलेल्या झाडाला. नव्या लागवडीला पहिली दोन वर्षं ताण देत नाहीत, ती वाळून जाते. आणि ताण देणारा बागवान बांधावर उभा असतो, किती पानं गळाली ते रोज बघतो. तुझी नोकरी गेली ती कुणाच्या तरी हिशेबाच्या कागदामुळे. त्यात देवाचा हात मला दिसत नाही, आणि न दिसणारं मी तुला सांगणार नाही.

मला दिसतो तो लूक १३ मधला माळी. मालक तीन वर्षं अंजिराला फळ शोधतोय, मिळत नाही. म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवतं? माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. अमुक कर असं तो झाडाला काहीच सांगत नाही. सगळं काम त्याने स्वतःच्या अंगावर घेतलंय.

आणि ते काम सोपं नाही. पावसाने माती बसते, वर पापडी धरते, हवा आत जात नाही. खणायचं, पण अंजिराची खाणारी मुळं वरच्या थरातच असतात. म्हणून खुरप्याने दोन इंचांच्या आतच, खोडापासून चार बोटं सोडून. खोल खणलंस तर फळासाठी खणता खणता झाडच तोडशील. शेणखत सहा महिने तरी कुजलेलं हवं. हातात चुरा होतो, वास येत नाही, ते कुजलेलं. ताज्या शेणाने मुळं भाजतात आणि मुळं खाणारी हुमणी अळी येते. वीस इंची ड्रमला दोन-तीन किलो पुरे. जास्त घातलंस तर नुसता पाला वाढतो, फळ नाही. पण हे पुढच्या वर्षीचं. काडीपासून वाढलेलं झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दाखवतं, भरघोस यायला पाच-सात वर्षं जातात. त्या दाखल्यात पुढच्या वर्षी फळ आलं की नाही ते प्रभू सांगत नाही. गोष्ट माळ्याच्या शब्दांवरच थांबते.

मार्क ११ मी मुद्दाम टाळत होतो. चर्चच्या शब्बाथ शाळेत तू उभा राहून विचारलं होतंस, "अंजिरांचा हंगामच नव्हता, तर येशूने झाडाला शाप का दिला?" टीचर गप्प झाल्या. मी मागच्या बाकावर, मान खाली घालून. शरमेने नाही. हे पोर वचन नीट वाचतं, म्हणून हसू येत होतं. उत्तर असं देतात की त्या देशात वसंतात पानांबरोबरच लहान फळं धरतात, म्हणून पानं असून फळ नाही म्हणजे झाडाने फसवलं. आपल्याकडेही फळ नव्या फुटीवर पानाच्या बेचक्यातच येतं. हे सगळं खरं, तरी तू तेव्हाही म्हणाला असतास, "पण हंगाम नव्हता ना!" हंगाम नव्हता. तुझाही आत्ता नाहीये. देवाला असे प्रश्न विचारायचं सोडू नकोस. माझ्यावर चिडलास तरी चालेल, त्याच्याशी बोलणं बंद करू नकोस.

आपल्या झाडाचं मोठं खोड जूनमध्ये कापावं लागलं, हे तुला सांगितलं नव्हतं. खोडकिडा. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की छिद्र शोधायचं, तार घालून अळी मारायची, पेट्रोलचा कापूस कोंबून चिखलाने लिंपायचं. या वेळी भुसा पालापाचोळ्यात दिसला नाही. उशीर झाला, माझा. जमिनीपासून फूटभर ठेवून खोड कापलं, आणि पावसात बुंध्यातून चार फुटवे आले. ईयोब १४ मध्ये आहे तसं, पाण्याच्या नुसत्या वासाने. काड्या उरलेल्या एका फांदीच्या आहेत.

खरं तर हे झाड तुमच्याकडचंच. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ऐरोलीच्या भरावाच्या खारट मातीत, या पावसात, ते दरवर्षी तांबेऱ्याने पानं टाकतं. पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपके दिसले की ती पानं गोळा करून फेकायची, कुंडीत पडू द्यायची नाहीत. पुण्याच्या हवेत त्याला बरं वाटेल. परागीभवनाची काळजी नको, ही जात आपोआप फळ धरते. फूल शोधू नकोस, उंबरासारखंच ते फळाच्या आत असतं. येशूला बघायला जक्कय चढला त्या उंबराचं हे चुलत भावंड. तू स्वतःच हल्ली उंबराचं फूल झालायस ते सोड.

धाकटीची परीक्षा सोमवारपासून आहे. तिला मेसेज कर, माझ्याकडून नको, तुझ्याकडून.

तुझे पपा

ता. क. पाच काड्या यासाठी की दोन जातीलच. एखादी काळी पडली तर लगेच काढून टाक, बाकीच्यांची कुंडी वेगळी ठेव. मम्मीने चिवड्याचा डबा दिलाय, डबा परत हवाय. पोपटी पान निघालं की फोटो पाठव. नको, राहू दे. महिन्याने पाठव. मी विचारणार नाही.