रंग तुझा चुकला नव्हता

वडगाव, बेळगाव
रविवार रात्री

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू नीट बोललाच नाहीस, मग वैनीकडून कळलं की त्या सिल्व्हर गाडीवाल्यानं गाडी उन्हात लावून चारचौघांत तुला सुनावलं, तू रंगवलेला दरवाजा बाकीच्या गाडीपेक्षा वेगळा दिसतोय म्हणाला आणि निम्मेच पैसे टेकवून गेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरुलालंय. चाकणला गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपमध्ये मी नऊ वर्षं काढली आणि तुला एकदाही बसवून सांगितलं नाही की कंपनीत रंग लागतो कसा. आता चार दिवस घरी आलोय, खाली आप्पांचा माग खटखट चालू आहे, म्हटलं फोनवर राहून जाईल, लिहूनच काढावं.

तू मागं विचारलेलंस, एकाच लाईनवर आधी लाल, मग पांढरी, मग सिल्व्हर गाडी येते ती कशी, मधे सगळी लाईन धुतात काय? धुतात रे, पण लाईन नाही, फक्त रोबोच्या तोंडाजवळची थोडीशी नळी. बाजूला एक मिक्सिंग रूम असते, तिथं प्रत्येक रंगाची वेगळी टाकी आणि वेगळी पाईप, आणि रंग त्या पाईपातून रात्रंदिवस फिरत राहतो, बूथपर्यंत, म्हणजे रंग मारायच्या खोलीपर्यंत, जाऊन परत टाकीत. थांबला की मेटॅलिकची चमकी खाली बसते, ते तुला डब्यावरनं ठाऊकच आहे. रोबोच्या हातावर एक ठोकळा असतो, त्यात रंगागणिक एकेक बारीक व्हॉल्व्ह. बॉडी ज्या स्किडवर, म्हणजे सरकत्या लोखंडी चौकटीवर, बसून येते त्याच्यावर टॅग असतो, टॅग वाचला की मशीनला कळतं ही कुठली गाडी आणि कुठला रंग. मग एक बॉडी पुढं सरकून दुसरी येईपर्यंतच्या त्या गॅपमध्ये रोबो मान वळवून एका डब्यात तोंड घालतो, जुना व्हॉल्व्ह बंद, हवा, थिनर, परत हवा, आणि नवा रंग तोंडापर्यंत भरून तयार. दहा-पंधरा सेकंदांचा खेळ. पहिल्या दिवशी मी तिथंच उभा राहिलो होतो, लाल थुंकून पांढरा धरताना बघत, सुपरवायझर ओरडला तेव्हा हललो.

आणि रोबोला तुझ्यासारखी गन नसते, बेल असते, घंटेसारखी छोटी वाटी, मिनिटाला तीस-चाळीस हजार फेरे फिरते. रंगाला साठ-सत्तर हजार व्होल्टचा चार्ज दिलेला असतो म्हणून धुकं झालेला रंग बॉडीकडे ओढला जातो, तुझ्या गनसारखा निम्मा हवेत जात नाही.

तरी एकेक गाडीला रंग बदलणं परवडत नाही. प्रत्येक बदलाला थोडा रंग आणि थिनर वाया, म्हणून शक्यतो एका रंगाच्या पाच-दहा बॉड्या ओळीनं सोडतात. हे मला कळलं तेव्हा आप्पांचीच आठवण आली बघ. एकदा हिरवा ताणा मागावर चढला की तो संपेपर्यंत साड्या हिरव्याच, गिऱ्हाईक मधेच जांभळी मागू दे नाहीतर काही. अगदी तेच. फक्त पुढं असेंब्लीत सीट, बंपर ठरलेल्या क्रमानं येतात, म्हणून रंगलेल्या बॉड्या एका मोठ्या स्टोअरमध्ये ठेवून हवी ती काढून परत क्रमात लावतात.

जुन्या काळी ह्या कटकटीपायीच रंग कमी असायचे. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 नुसती काळीच निघायची. भट्टीत भाजायचा तो काळा रंग स्वस्त, टिकाऊ आणि लाईनच्या वेगाला पुरणारा. बाकीचे रंग सुकायलाच कितीतरी दिवस घ्यायचे. पुढं जनरल मोटर्सच्या 1924 मॉडेलच्या ओकलंड गाड्यांवर ड्युको नावाचा लवकर सुकणारा रंग आला आणि मग रंगीत गाड्या ढिगानं निघायला लागल्या.

आता मुद्द्याचं. बूथमध्ये शिरायच्या आधी बॉडी अख्खी ईडी टँकमध्ये, म्हणजे गंज रोखणाऱ्या पहिल्या रंगाच्या हौदात, बुडवून करंट देतात, भाजतात, सांध्यांना सीलर लावतात, तोवर सगळ्या गाड्या सारख्याच करड्या. मग बेस कोट म्हणजे खरा रंग, वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर, आणि 140 डिग्रीच्या आसपास ओव्हन. सगळे थर मिळून साधारण शंभर मायक्रॉन, म्हणजे एका केसाएवढे. इतकं पातळ काम आहे, आणि त्यात धूळ तर सोडच, केसाचं तेल सुद्धा घात करतं. एकदा आमच्याकडं एकजण सिलिकॉनचा स्प्रे मारून आला होता, कुठं ते कुणाला कळेना, आणि बॉड्यांवर फोडासारखे खड्डे, क्रेटर, एकामागून एक. दीड दिवस सगळे शोधत होते. शेवटी त्याच्या बुटाजवळ कारण सापडलं. त्या दिवशी मी स्वतः पंचवीसेक बॉड्या घासल्या, बोटं सुजली होती.

तर सिल्व्हर. त्यात अल्युमिनियमची चमकी असते आणि ती कशी पडते त्यावर शेड ठरते. ओला मारला की चमकी आडवीतिडवी पडते, रंग जरा गडद दिसतो. कोरडा मारला की उजळ. बेलनं पडलेली आणि तुझ्या गननं पडलेली चमकी सारखी बसणारच नाही, डब्यावरचा रंगाचा कोड तोच असला तरी. कंपनीत सुद्धा बंपर प्लॅस्टिकचा, वेगळ्या ठिकाणी, 80 डिग्रीत भाजलेला, त्याचं मॅचिंग करताना लोक लाईटखाली पॅनेल लावून तिरकं बघत बसतात, वेगवेगळ्या कोनातनं मशीननं मोजतात, तरी कुरबूर असते. नवीकोरी सिल्व्हर गाडी उन्हात बंपरपाशी नीट बघ, दिसेल तुला. आणि तू एकटा, शेडखाली, एका कॉम्प्रेसरवर. तुझा हात वाईट नाही रे, कुणी कितीही ओरडू दे.

ह्यावर उपाय आहे. पुढच्या वेळी दरवाजा काठापर्यंत रंगवून थांबू नकोस. शेजारच्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, आणि मागच्या दरवाज्यावर बेस कोट विरत विरत ने, मग तिन्हीवर क्लिअर. आणि आधी एका कार्डावर मारून, क्लिअर देऊन, उन्हात गाडीला चिकटवून समोरनं आणि तिरकं बघ, मगच दरवाज्याला हात लाव.

मी गुरुवारपर्यंत आहे. बुधवारी सकाळी खानापूरला येतो, आठाच्या आत, ऊन चढायच्या आधी. त्याच कोडचा रंग थोडा ठेवलायस ना? आणि गाडीवाल्याला म्हणावं एक दिवस गाडी सोड, दरवाजा परत करतो, आपण दोघं मिळून करू. येताना वैनीसाठी कुंदा आणतो.

तुझा,
वडगावचा दोस्त