राखेचा हिशेब गेटवर संपू नये

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केंद्र सरकारच्या 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेनुसार औष्णिक वीजकेंद्रांना आपली सगळी राख वापरात आणणे बंधनकारक आहे. न वापरलेल्या राखेवर टनामागे 1,000 रुपये पर्यावरण भरपाई बसते. हेतू चांगलाच आहे. मात्र ‘वापर’ या एका शब्दात सिमेंटही येते आणि नाल्याकाठचा खड्डा बुजवणेही. पोझोलाना सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख असते आणि ती चुन्याशी बांधली जाते. नीट पाणी मारून पिकवलेल्या राखेच्या विटेतही तेच घडते. भरावातली राख मात्र सुटीच राहते, आणि पाण्याजवळ खरा धोका तिचाच आहे.

जुलै 2022 मध्ये नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीजकेंद्राचा खसाळा येथील राखबंधारा (राख पाण्यासोबत साठवण्याचा तलाव) फुटून राखमिश्रित पाणी कोलार आणि कन्हान नद्यांपर्यंत गेले. बंधाऱ्याला निदान मालक असतो, जाब कोणाला विचारायचा ते ठाऊक असते. ओढ्याकाठी टिप्परने रिकामी केलेली राख कोणाची, हे पहिल्या पुरानंतर कोणीच सांगत नाही. त्यात 2016 च्या घातक कचरा नियमांनी ‘प्रमाण मोठे, परिणाम कमी’ या वर्गात घालून राख वगळली आहे. म्हणजे सखल जागा भरण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची पूर्वपरवानगी हाच काय तो लगाम.

ती परवानगी देताना पहिला प्रश्न पूररेषेचा असावा. जलसंपदा विभागाची निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत सुटी राख नकोच. दोन रेषांच्या मध्ये फक्त सिमेंट किंवा चुन्याने बांधलेली राख चालावी. दुसरा प्रश्न भूजलाचा. पातळी मे महिन्यात मोजून उपयोग नाही, ती पावसाळा संपताना मोजावी आणि भरावाचा तळ तिच्या किमान 2 मीटर वर ठेवावा. राख पाण्यात उभी राहिली की बोरॉन आणि सल्फेट लवकर सुटतात. आर्सेनिक, सेलेनियम सावकाश, पण वर्षानुवर्षे झिरपत राहू शकतात. त्यामुळे पहिल्या महिन्यातल्या एका नमुन्यावर निर्धास्त होणे चूक आहे. ज्या राखेचे पाणी अल्कधर्मी असते तिच्यातून काय सुटते हे पाहणारी निव्वळ आम्लातली चाचणीही फसवी ठरते, कारण आर्सेनिक आणि सेलेनियम अल्कधर्मी पाण्यात अधिक सहज सुटू शकतात. साध्या ऊर्ध्वपातित पाण्यातली चाचणी सोबत हवीच.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. राख गाळाइतकी बारीक असते, तिला मातीसारखा चिकटपणा नसतो. कडेला आवरण नसेल तर पहिल्याच सरीत घळी पडतात, मग आतून राख वाहून जाते आणि वरची माती भगदाड पडून खचते. रस्त्याच्या भरावात बाजूला 1 ते 3 मीटर मातीचे आवरण अपेक्षित असते. ठेकेदार ते बहुधा तिथलीच काळी माती खणून करतात. उन्हाळ्यात ती हातभर तडकते आणि जूनचे पाणी थेट राखेत उतरते. आवरणाला मुरूममिश्रित, न फुगणारी माती घ्यावी, पायथ्याशी गाळणीचा थर द्यावा आणि पाऊस सुरू होण्याआधी गवत धरलेले असावे. राख कोरडी पसरली तर उडते, फार ओली झाली तर रोलरखाली लिबलिबते. ओलावा मोजल्याशिवाय थर दाबू नये, एवढी साधी अटही पुष्कळदा पाळली जात नाही.

खरी गोम हिशेबात आहे. एक हेक्टर जागा 3 मीटर भरायची तर 30,000 घनमीटर राख लागते. दाबलेल्या राखेची कोरडी घनता साधारण घनमीटरला 1.2 टन धरली तर 36,000 टन. राखतलावातून काढलेल्या राखेत कोरड्या वजनाच्या 25 टक्के पाणी असेल, तर वजनकाट्यावर 45,000 टन भरतील, म्हणजे 25 टनी टिप्परच्या 1,800 खेपा. या जागेच्या नावावर 2,600 खेपांच्या पावत्या निघाल्या, तर उरलेल्या 800 खेपा कुठे रिकाम्या झाल्या? वीजकेंद्राच्या गेटवर राख ‘वापरली’ असे लिहून मोकळे होता येऊ नये. उतरवण्याच्या जागीही काटा हवा आणि भरावाआधी व नंतर जागेची मोजणी हवी.

मंजूर जागा, क्षेत्र आणि परवानगी दिलेले प्रमाण मंडळाने दरवर्षी संकेतस्थळावर जाहीर करावे, असे अधिसूचनेतच आहे. त्यात गट क्रमांक, जवळचा नाला आणि त्याचे अंतर एवढी भर घालावी, म्हणजे ग्रामपंचायतीला स्वतः पडताळता येईल. शिवाय भरावाच्या वरच्या अंगाला एक आणि उताराकडे दोन निरीक्षण विहिरी असाव्यात. त्यांचा पहिला नमुना पहिली खेप येण्याआधी घ्यावा, नंतर किमान 5 वर्षे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. आर्सेनिकची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, पण इशारा आधी बोरॉन देते. ते वाढू लागले की त्या जागेवरची भरती थांबवावी.

आपले,
राख आणि भूजल या विषयांत काम करणारे काही वाचक, नागपूर