८०८५चं किट राहू दे, पण कंट्रोल युनिट आतून दाखवा

संपादक महोदय,

चिप डिझाइन, सेमीकंडक्टरचे प्लांट यावर हल्ली रोज काहीतरी छापून येतं, चांगलंच आहे, पण डिप्लोमाच्या लॅबमध्ये आम्ही काय शिकवतो? पोरं ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरच्या किटवर जर्नलमधले हेक्स कोड टाकतात, बेरीज डिस्प्लेवर आली की सही घेऊन मोकळी. अ‍ॅड इन्स्ट्रक्शन चालली म्हणजे आत काय झालं असं व्हायवात विचारलं की कंट्रोल युनिट (प्रोसेसरच्या कुठल्या भागाने कधी काय करायचं ते सांगणारा भाग) लिहिलेला चौकोन काढतात आणि गप्प बसतात.

तो चौकोन उघडायची युक्ती १९५१ची आहे. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी मांडलं की कंट्रोलसाठी गेटांचं, म्हणजे छोट्या लॉजिक सर्किटांचं, जंजाळ जोडत बसू नका, प्रत्येक इन्स्ट्रक्शनच्या बारीक पायऱ्या मेमरीत प्रोग्रामसारख्या लिहून ठेवा. हेच मायक्रोप्रोग्रामिंग. पुढे १९६४ला आयबीएमने सिस्टिम/३६० ही कॉम्प्युटरची मालिका आणली तेव्हा आधीच्या १४०१ कॉम्प्युटरवाल्या गिऱ्हाइकांचे जुने प्रोग्राम वाया जाऊ नयेत म्हणून मॉडेल ३०मध्ये अशा लिहून ठेवलेल्या पायऱ्यांच्या, म्हणजे मायक्रोकोडच्या जोरावर १४०१चं इम्युलेशन, म्हणजे हुबेहूब नक्कल, दिलं. आणि हे जुनं झालं म्हणून सोडायचं कारण नाही, इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरना आजही मायक्रोकोडचे अपडेट येतात.

लॅबमधल्या साध्या पीसीवर छोटा इम्युलेटर, म्हणजे प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम, आरामात चालतो. त्यात पोराने अ‍ॅड स्वतः लिहायची. मायक्रोइन्स्ट्रक्शनचा, म्हणजे एका बारीक पायरीचा, एकेक बिट म्हणजे एकेका भागाला हुकूम देणारी कंट्रोल लाइन. पुढची इन्स्ट्रक्शन कुठे आहे ते सांगणाऱ्या प्रोग्राम काउंटरमधला पत्ता मेमरीला दे, आलेला कोड इन्स्ट्रक्शन रजिस्टर या प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीत घे, काउंटर एकने वाढव, ऑपरंड, म्हणजे मिळवायचा आकडा, बी रजिस्टरमध्ये आण, एएलयूचं, म्हणजे गणित करणाऱ्या भागाचं, उत्तर ए रजिस्टरमध्ये टाक, आणि प्रत्येक क्लॉकला थांबून रजिस्टर बघ. मुद्दाम दोन रजिस्टरं एकदम बसवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक तारांवर, सोडायला सांगा, घोळ डोळ्यासमोर दिसतो आणि जळत काहीच नाही. मग म्हणा आता गुणाकाराची नवी इन्स्ट्रक्शन घाल, तेव्हा परत परत बेरीज करायला काउंटर लागतो, तो शून्य झाला का बघून त्याप्रमाणे दुसऱ्या पायरीवर उडी मारायला कंडिशनल जंप लागतो, हे पोरं आपणहून सांगायला लागतात, कारण त्याशिवाय त्यांचं गाडं पुढे सरकतच नाही!

हार्डवेअरला हात लागलाच पाहिजे हे मलाही मान्य आहे, म्हणून किट काढा असं म्हणत नाही. पण सिलॅबस ठरवणाऱ्यांनी त्याच त्या बेरीज-वजाबाकीची दोन-तीन प्रॅक्टिकल कमी करून हे घालावं, आणि परीक्षेत जर्नल तपासण्याऐवजी पोराकडून एक नवी इन्स्ट्रक्शन लिहून चालवून घ्यावी.

आपला,
डिप्लोमा कॉलेजमधला एक शिक्षक, सांगली